काळ्या दगडाचं वजन

ब्रह्मगिरी कुठल्याही धडकेतून उभा राहिलेला नाही. अंजनेरीही नाही, सप्तशृंगगडही नाही आणि १,५६७ मीटर उंचीचा साल्हेरसुद्धा नाही. नाशिकमध्ये बसून पर्वतांबद्दल लिहायचं तर सुरुवात इथूनच करावी लागते. 'दोन भूपट्ट आदळले आणि पर्वत झाले' हे शाळेतलं वाक्य मनात इतकं पक्कं बसलेलं असतं की दिसेल त्या डोंगराला आपण ते लावून मोकळे होतो.

पाऊस उघडला आणि हवा धुऊन निघाली की त्र्यंबक रस्त्यावरून अंजनेरीचा कडा बघावा. उभ्या कातळाचा काळा पट्टा, त्याखाली गवताळ उतार, पुन्हा काळा पट्टा. नजर शेजारच्या डोंगरावर नेली की जवळपास त्याच उंचीवर तेच पट्टे पुढे सुरू असतात. मधला भाग पाण्याने नेला, पट्टे जागचे हलले नाहीत. धडकेतून झालेल्या पर्वतात थर असे निवांत आडवे सापडत नाहीत. ते वाकतात, मुडपतात, उलटे होतात, जुना थर नव्याच्या डोक्यावर चढून बसतो.

आपल्याकडचा प्रत्येक पट्टा म्हणजे लाव्हाचा एक लोट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून असे लोट एकावर एक पसरत गेले. आज उरलेलाच भाग सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरचा आहे, आणि सह्याद्रीच्या बाजूला त्यांची एकूण जाडी दोन किलोमीटरच्या आसपास भरते. विहीर खोदणाऱ्यांना या थरांचा क्रम पुस्तकाशिवाय ठाऊक असतो. वर मुरूम, मग पांढऱ्या ठिपक्यांचा सच्छिद्र मांजऱ्या, त्याखाली सुरुंगाशिवाय न हलणारा काळा पाषाण आणि मध्येच वीतभर-हातभर लाल मातीचा थर. लाल थर ओलांडला की पुन्हा मांजऱ्या. लाव्हातला वायू वर चढतो आणि लोटाच्या माथ्याशी फुगे होऊन अडकतो, म्हणून माथा सच्छिद्र. पोट सावकाश निवतं, म्हणून घट्ट. लाल थर म्हणजे दोन लोटांच्या मधल्या काळात तयार झालेली माती, वरून आलेल्या पुढच्या लोटाने भाजून काढलेली. जगभरचे भूवैज्ञानिक या थरांच्या गटांना आपल्याच गावांची आणि शिखरांची नावं देऊन बोलतात: कळसूबाई उपगट, त्यात जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर.

म्हणजे सह्याद्री हा रचला गेला आणि मग कोरला गेला. तरीही अँडीज किंवा हिमालय कसा झाला हे समजून घ्यायला हाच काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, हातात घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. पर्वत घडवणारं यंत्र बेसाल्टच्या वजनावर आणि बेसाल्टने प्यालेल्या पाण्यावर चालतं, आणि बेसाल्ट नाशिकइतका सहज क्वचितच कुठे हाताशी असतो.

आधी वजन. खाणीच्या किंवा रस्त्याच्या कामाच्या कडेला पडलेला घट्ट काळा तुकडा घ्यावा, साधारण एक किलोच्या आतला, भोकं नसलेला, कडा ताज्या फुटलेल्या. त्याला बारीक दोरी बांधून लटकत्या काट्यावर हवेत वजन करावं. मग तुकडा बादलीतल्या पाण्यात पूर्ण बुडवून, तळाला किंवा काठाला न टेकवता पुन्हा वजन करावं. हवेत ८७० ग्रॅम आणि पाण्यात ५८० ग्रॅम आलं, तर घट २९० ग्रॅमची, म्हणजे दगडाएवढ्या आकाराच्या पाण्याचं वजन. ८७० भागिले २९० म्हणजे ३.०. पाण्याच्या तिप्पट, ही बेसाल्टची घनता. आकडा २.५ च्या खाली आला तर बहुतेक वेळा मांजऱ्या उचललेला असतो किंवा दगडाला हवेचे बुडबुडे चिकटलेले असतात. दगड रात्रभर भिजत ठेवून, फडक्याने पुसून पुन्हा मोजला की आकडा बराच सुधारतो.

तुलनेसाठी ग्रॅनाइट हवा. तो नाशिकच्या जमिनीत वर कुठे दिसत नाही, पण फरशीच्या दुकानामागे तुकड्यांचा ढीग असतो. तिथे एक काळजी घ्यायची. स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी 'काळा ग्रॅनाइट' म्हणून जो विकतात तो बहुधा ग्रॅनाइट नसतो. तो बेसाल्टचाच खोलवर निवलेला भाऊबंद असतो आणि त्याची घनताही तीनच्या आसपास येते. गुलाबी किंवा करडा, मिठामिरीसारखे दाणे दिसणारा तुकडा घ्यावा. हवेत ५३० आणि पाण्यात ३३० ग्रॅम, म्हणजे २.६५.

३.० आणि २.६५. पृथ्वीवरच्या पर्वतांची निम्मी गोष्ट या दोन आकड्यांच्या फरकात आहे.

खंडांचं कवच सरासरी ग्रॅनाइटच्या जवळचं, हलकं आणि जाड असतं, साधारण ३५ किलोमीटर. महासागरांचा तळ बेसाल्टचा, जड आणि पातळ, साधारण ७ किलोमीटर, म्हणजे नाशिकहून त्र्यंबकला जाताना चौथ्या हिश्श्यावर संपेल इतका. दोन्हींच्या खाली प्रावरण आहे, त्याची घनता सुमारे ३.३. हे प्रावरण म्हणजे लाव्हाचा समुद्र नव्हे. ते घन खडकाचं आहे, फक्त इतकं तप्त की लाखो वर्षांच्या हिशेबात वाहतं.

आता शंका अशी येते की ३.० चा बेसाल्ट ३.३ च्या प्रावरणात बुडेल कसा? नवा असताना तो बुडत नाहीच. समुद्राच्या मध्यावरच्या पर्वतरांगेत तो जन्मतो तेव्हा गरम असतो, आणि तिथे समुद्राची खोली जेमतेम अडीच किलोमीटर असते. मग तो दूर सरकतो आणि निवतो. त्याच्या बुडाशी असलेलं प्रावरणही निवून त्याला चिकटत जातं. काही कोटी वर्षांत ही सगळी चळत, म्हणजे भूपट्ट, शंभरेक किलोमीटर जाड होते, आणि थंड असल्यामुळे खालच्या तप्त प्रावरणापेक्षा किंचित जड. एकदा तिची कड वाकून खाली शिरली की खरा बदल होतो. पन्नाससाठ किलोमीटर खोलीवर दाबामुळे बेसाल्टमधली खनिजं मोडतात आणि त्यातून गार्नेटचे तांबूस दाणे आणि हिरवट पायरॉक्सीन तयार होतं. या नव्या खडकाला एक्लोजाइट म्हणतात. त्याची घनता ३.४ ते ३.५. आता तो प्रावरणापेक्षा सरळसरळ जड असतो, खाली जातो आणि मागचा सगळा भूपट्ट आपल्यामागे ओढतो. भूपट्ट ढकलले जातात त्यापेक्षा कितीतरी जास्त ते असे ओढले जातात. म्हणूनच महासागराचा तळ १८-२० कोटी वर्षांहून जुना क्वचितच सापडतो, आणि खंडांवर मात्र ३०० कोटी वर्षांचे खडक उन्हात पडलेले असतात. जड ते खाली गेलं, हलकं ते वर राहिलं.

या खाली सरकण्याला सबडक्शन म्हणतात. पण नुसतं वजन ज्वालामुखी पेटवत नाही. त्यासाठी पाणी लागतं, आणि इथे नाशिकचा दगड दुसऱ्यांदा उपयोगी पडतो.

पांडवलेण्यांच्या परिसरातल्या खाणींतून निघालेले जिओलाइटचे स्फटिक जगातल्या संग्रहालयांत आहेत. आपल्याकडे सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ते मन भरेपर्यंत बघता येतात. मोतिया रंगाचं, पेंढी मधोमध बांधावी तसं दिसणारं स्टिलबाइट, शिंपल्यासारखी चमक असलेलं ह्यूलँडाइट, सुयांच्या पंख्यासारखं स्कोलेसाइट. मांजऱ्या दगडातले पांढरे ठिपके म्हणजे याच कुळातली बारीक मंडळी. लाव्हा निवल्यावर तिच्या फुग्यांतून गरम पाणी झिरपत राहिलं आणि त्या पोकळ्यांत ही खनिजं वाढली. यातलं साधं, खाणीबाहेर टाकून दिलेलं स्टिलबाइटचं ढलपं घ्यावं (चांगला स्फटिक यासाठी नासवू नये), बारीक करून काचेच्या कोरड्या परीक्षानळीत टाकावं आणि नळी आडवी धरून खालून तापवावं. दगड कोरडा ठणठणीत असतो, तरी थोड्या वेळात नळीच्या थंड टोकाला आतून पाण्याचे थेंब धरतात. स्टिलबाइटच्या वजनाचा साधारण सहावा हिस्सा पाणी असतं. १७५६ मध्ये स्वीडनच्या क्रोनस्टेट यांनी हेच पाहिलं, आणि 'उकळणारा दगड' या अर्थाने जिओलाइट हे नाव दिलं.

समुद्रतळाच्या बेसाल्टचं असंच होतं, फक्त प्रचंड प्रमाणावर. भेगांतून समुद्राचं पाणी किलोमीटर-किलोमीटर आत शिरतं आणि खनिजांच्या सांध्यांत बसून राहतं. भूपट्ट खाली जाऊ लागला की ही खनिजं आपापल्या पाळीने पाणी सोडतात. जिओलाइट लवकर सोडतं, क्लोराइट आणि अ‍ॅम्फिबोल त्यानंतर. सर्पेंटाइन सगळ्यांत चिवट, ते आपलं पाणी फार खोलवर नेतं. सुटलेलं पाणी वरच्या तप्त प्रावरणात चढतं आणि त्या खडकाचा वितळणबिंदू काहीशे अंशांनी खाली आणतं. पॉट आइस्क्रीम करताना बर्फात खडेमीठ घातलं की बर्फ शून्याच्याही खालच्या तापमानाला वितळतो. तसंच इथे घडतं: तापमान वाढलेलं नसतं, वितळायला लागणारं तापमान कमी झालेलं असतं. घर्षणाने दगड वितळून ज्वालामुखी होतो, हा समज अजून पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळतो. खाली जाणारा भूपट्ट आजूबाजूच्या मानाने थंड असतो आणि बहुतेक ठिकाणी तो स्वतः वितळतच नाही. वितळतं ते त्याच्या डोक्यावरचं प्रावरण. त्यामुळे ज्वालामुखींची रांग साधारणपणे भूपट्ट शंभरेक किलोमीटर खोल पोहोचतो त्या रेषेच्या वर उगवते. भूपट्ट तीव्र उताराने गेला तर ती रांग खंदकाच्या (भूपट्ट जिथे खाली शिरतो त्या समुद्रातल्या खोल चराच्या) जवळ, मंद उताराने गेला तर दूर.

दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याला हे सगळं एका ओळीत मांडलेलं आहे. समुद्रात आठ किलोमीटर खोल खंदक, तिथून नाझका भूपट्ट वर्षाला सातआठ सेंटिमीटरने खंडाखाली जातो, आणि आत ज्वालामुखींची रांग. वर आलेल्या शिलारसाने कवच आतून फुगतं, बाजूच्या दाबाने ते आखडून जाड होतं, आणि दोन्ही मिळून अँडीज उभे राहतात. त्या पर्वतावरून तिथल्या खडकाला अँडेसाइट नाव पडलं. ते बेसाल्टपेक्षा हलकं असतं. म्हणजे जड खडक खाली पाठवून त्याच्या बदल्यात हलका खडक वर काढणं, हा या यंत्राचा धंदा.

यंत्र कधी कधी अडतंही. समुद्रतळावर पाण्याखालच्या जुन्या ज्वालामुखींची एखादी रांग असली, तर तिथलं कवच नेहमीपेक्षा जाड आणि त्यामुळे हलकं असतं. ती रांग खंदकाशी आली की भूपट्ट नीट बुडत नाही. तो काही अंतर खाली जाऊन खंडाच्या बुडाशी आडवा सरकत राहतो. वर वितळायला तप्त प्रावरणाची पाचर उरत नाही, आणि ज्वालामुखी विझतात. पेरूच्या काही भागात आणि मध्य चिलीच्या वर नेमकं हेच झालं आहे. अँडीजमधलं सर्वोच्च शिखर आकोंकाग्वा, ६,९६१ मीटर, याच विझलेल्या पट्ट्यात उभं आहे आणि आज तो ज्वालामुखी नाही. पाणी आणि वितळण्याचा संबंध याहून स्वच्छ दाखवणारा पुरावा मला माहीत नाही.

आणि समुद्रच संपला तर?

भारताच्या उत्तरेला टेथिस समुद्र होता. त्याचा तळ आशियाखाली जात होता आणि भारताला आपल्यामागे ओढत होता, वर्षाला पंधरा सेंटिमीटरच्या आसपास वेगाने. भूपट्टांच्या जगात ही धावच म्हणायची. त्या काळी आशियाचा दक्षिण किनारा अँडीजसारखा दिसत असणार. लेह शहराच्या पाठीशी जो ग्रॅनाइटचा पट्टा उभा आहे, ती त्या जुन्या ज्वालामुखींच्या रांगेची उघडी पडलेली मुळं. सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी समुद्रतळ संपला आणि त्याच्यामागून भारताचं हलकं कवच खंदकाशी आलं. ओढ सुरूच होती, म्हणून तेही काही प्रमाणात आत गेलंच. लडाखमधल्या त्सो मोरीरी सरोवराजवळच्या खडकांत कोएसाइट सापडलं आहे. गारगोटीचंच द्रव्य, पण सुमारे ९० किलोमीटर वा त्याहून खोलच्या दाबाखाली तयार होणारं. भारताच्या काठाचा एक तुकडा तिथवर बुडाला आणि हलका असल्यामुळे बुचासारखा वर आला.

बाकीचं कवच बुडू शकलं नाही, तेव्हा ते स्वतःच्याच अंगावर चढलं. ट्रॅक्टरला सपाटीकरणाचं पातं लावून माती ओढली की पात्यापुढे पाचरीसारखा ढीग होतो, मागे उंच, पुढे निमुळता. ढीग ठरावीक उताराचा झाला की तो संपूर्ण पुढे सरकतो आणि पुढची माती त्याच्या बुडाखाली घुसते. हिमालय याच पद्धतीने वाढला. कवचाचे पापुद्रे कौलांसारखे एकावर एक चढले, आणि नवी भेग दर वेळी दक्षिणेकडे, पायथ्याकडे उघडत गेली. आधी मुख्य मध्यवर्ती भ्रंश, मग मुख्य सीमा भ्रंश, आता अगदी पुढची शिवालिकची कड. ढिगाचा उतार बुडाच्या घर्षणावर ठरतो. पाकिस्तानात मिठाच्या डोंगरांजवळ बुडाशी मिठाचा निसरडा थर आहे, म्हणून तिथे पर्वताची पाचर फार पसरट आणि बुटकी. नेपाळात तसा थर नाही, आणि पर्वत उंच.

उंचीचा हिशेब कागदावर मांडता येतो. कवचाची घनता २.८ धरू, प्रावरणाची ३.३. पाच किलोमीटर उंच पठार तोलायला खाली किती मूळ हवं? ५ गुणिले २.८, भागिले ०.५, म्हणजे २८ किलोमीटर. मूळचे ३५, वरचे ५, खालचे २८, बेरीज ६८. तिबेटखालचं कवच भूकंपलहरींनी मोजलं तर ते सुमारे ७० किलोमीटर भरतं. नाशिकहून सप्तशृंगगडापर्यंतचा रस्ता उभा करून जमिनीत रोवला तर तोही कमी पडेल.

हा हिशेब सुचला तोच मुळी भारतातल्या एका चुकीतून. एकोणिसाव्या शतकातल्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात कलियाना आणि कलियानपूर या दोन ठिकाणांमधलं अंतर जमिनीवरून मोजलं आणि ताऱ्यांवरून काढलं, तर दोन्हींत सुमारे ५.२ सेकंदांचा कोनीय फरक आला. हिमालय ओळंब्याला आपल्याकडे ओढतो म्हणून हा फरक पडत असावा, असं धरून इंग्रज गणिती प्रॅट यांनी १८५५ मध्ये गणित केलं. उत्तर आलं सुमारे १५.९. पर्वत अपेक्षेच्या एक तृतीयांशच ओढत होता. त्याच वर्षी इंग्रज खगोलशास्त्रज्ञ एअरी यांनी उलगडा मांडला: पर्वताखाली हलक्या खडकाचं मूळ आहे, आणि त्या मुळाने तिथल्या जड प्रावरणाची जागा घेतली आहे. ओळंबा हे गवंड्याचं हत्यार. त्याच्या दोरीने पर्वताच्या पायाची खोली दाखवली.

हिमालयात आज ज्वालामुखी नाहीत, कारण पाणी घेऊन जाणारा समुद्रतळ संपला आहे. भूकंप मात्र आहेत. भारत अजून वर्षाला चारपाच सेंटिमीटर उत्तरेला सरकतो, त्यातले सुमारे दोन सेंटिमीटर हिमालयाच्या बुडाशी अडकून साठतात. शंभर वर्षांत दोन मीटर. १९३४ चा बिहार-नेपाळचा आणि २५ एप्रिल २०१५ चा नेपाळचा भूकंप ही त्या साठ्यातली खर्चाची नोंद आहे. जमेची बाजू रोज वाढते आहे. तिथे बांधल्या जाणाऱ्या प्रत्येक शाळेने आणि दवाखान्याने हा आकडा मनात धरूनच पाया घ्यायला हवा.

पंचवटीतल्या जुन्या वाड्यांच्या देवघरात शाळिग्राम असतो. तो नेपाळातल्या काली गंडकीच्या पात्रातून येतो. अंगावर चक्र असलेला शाळिग्राम म्हणजे अ‍ॅमोनाइटचा जीवाश्म, शंखासारखी वेटोळी असलेला समुद्री प्राणी. तो राहत होता टेथिसच्या दक्षिण काठावर, म्हणजे भारताच्याच उत्तर किनाऱ्याशी. पुढे त्या किनाऱ्याचा चिखल मुडपून हिमालयात चढला आणि नदीने गोटा सोडवून खाली आणला. अ‍ॅमोनाइटचा वंश संपला तो सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, म्हणजे इथे ब्रह्मगिरीचा दगड ओतला जात होता त्याच सुमारास. देवघरात शाळिग्राम आणि चार पावलांवर काळारामाच्या मंदिराचा काळा दगड: एकाच भूपट्टाची उत्तरेची कड आणि त्याचं पोट.

त्या दगडात प्रवासाची खूणही आहे. बेसाल्ट ५८० अंशांच्या खाली निवताना त्यातले मॅग्नेटाइटचे बारीक कण त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा आणि कल धरून ठेवतात. कलावरून अक्षांश काढता येतो. १९५० च्या दशकात दख्खनच्या दगडाचा हा कल मोजला तेव्हा अक्षांश विषुववृत्ताच्या बराच दक्षिणेचा निघाला. भूपट्टांचा सिद्धांत सर्वमान्य व्हायच्या दहाएक वर्षं आधी.

आता गोदावरीला पूर येतो तेव्हाचं पाणी बघावं. दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं, छातीला लागलं म्हणत घाटावर माणसं मोजत असतात ते पाणी गढूळ असतं. त्यातला गढूळपणा म्हणजे ब्रह्मगिरी, अंजनेरी, त्र्यंबकचे उतार. बराचसा गाळ आता गंगापूर, नांदूरमधमेश्वर, जायकवाडीत अडतो, पण धरणांचं आयुष्य शंभर-दोनशे वर्षांचं आणि नदीचं लाखोंचं. १,४६५ किलोमीटर वाहून नदी हा चुरा बंगालच्या उपसागरात टाकत आली आहे. त्या उपसागराचा तळ भारतीय भूपट्टाचाच. त्याची पूर्वेची कड अंदमान आणि सुमात्राजवळ खाली जाते. २६ डिसेंबर २००४ चा भूकंप आणि त्सुनामी तिथलीच, आणि तिच्याच वर अंदमानातल्या बॅरन बेटावर भारतातला एकमेव जिवंत ज्वालामुखी धुमसतो. आंध्रच्या किनाऱ्यापासून त्या खंदकापर्यंत हजारेक किलोमीटर अंतर आहे आणि भूपट्ट वर्षाला काही सेंटिमीटर सरकतो, तेही तिरका. गाळ तिथे पोहोचायला कोट्यवधी वर्षं लागतील. पाणी प्यालेला, भुगा झालेला काळा दगड तोवर त्या तळावर पडून राहील.